तळव्यांना ऐकू येणारी गाडी

ऑर्व्हल स्टार्चरने आयुष्यात एकदाच नवी कोरी गाडी घेतली, आणि तीही विकणाऱ्याच्या मनाविरुद्ध.

साल एकोणसत्तर. ऑर्व्हल तेव्हा एकवीस वर्षांचा होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून आलेला, जन्मापासून ठार बहिरा, आणि अक्रनच्या टायर कारखान्यात नुकताच चिकटलेला. कारखान्यात यंत्रांचा एवढा गोंगाट असे की कान असलेले आणि नसलेले तिथे सारखेच. बहिऱ्या पोरांना तिथे चटकन काम मिळे ते त्यामुळेच. हातात नियमित पगार यायला लागला तसा एका शनिवारी केस नीट विंचरून तो गाड्यांच्या दुकानात गेला. विक्रेत्याने त्याला मऊ गाद्यांची, चार दारांची, गरीब स्वभावाची गाडी दाखवली. ऑर्व्हलने कोपऱ्यातल्या गडद हिरव्या पाँटिअॅक जीटीओकडे बोट दाखवलं. विक्रेता हसला. त्याने आपल्या कानाला हात लावला, मग ऑर्व्हलच्या कानाकडे बोट करून मान हलवली. हिची सगळी मजा आवाजात आहे, बाबा, तुझ्या काय कामाची?

ऑर्व्हलने किल्ली फिरवल्याची खूण केली. सुरू तर कर.

इंजिन सुरू झालं आणि ऑर्व्हलने दोन्ही तळहात बॉनेटवर टेकवले. आठ सिलिंडरांची ती थरथर मनगटांतून दंडात चढली, छातीत घुमली, थेट दाढांपर्यंत पोचली. पायाखालच्या फरशीतूनही ती येत होती. विक्रेत्याने वेग वाढवला तशी ती बारीक आणि घट्ट झाली, सोडला तशी पुन्हा सैल, जाडीभरडी. ऑर्व्हल मोठ्याने हसला. आपलं हसणं कसं ऐकू येतं हे त्याला माहीत नव्हतं, पण दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, तेव्हा बरंच मोठं असावं.

त्या दिवसापासून ती गाडी अक्रनच्या आमच्या केनमोर वस्तीत आहे.

नडीनशी त्याची ओळख बहिऱ्यांच्या क्लबात झाली आणि पहिली भेट ठरली ती गाडीतच. नडीनही बहिरी. उंच, किडकिडीत, आणि जिभेची नव्हे पण हातांची भारी तिखट. गाडीत बसल्याबसल्या तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ऑर्व्हलचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा गिअरच्या दांड्यावर. म्हणजे बोलायला हात शिल्लकच नाही! तिने शहरापासून सरोवरापर्यंत एकटीने बोलून घेतलं. त्याने फक्त मान डोलवायची. परत आल्यावर तिने मैत्रिणींना सांगितलं, "याच्याशी लग्न करायला हरकत नाही. भांडायचं असलं की गाडीत बसायचं."

आणि खरोखरच, लग्नानंतर स्टार्चरांच्या घरातली निम्मी भांडणं त्या हिरव्या गाडीत झाली. सगळी नडीनने जिंकली.

गाडी सांभाळणं म्हणजे काय हे केनमोरमध्ये कुणालाही विचारा, तो ऑर्व्हलच्या गॅरेजकडे बोट दाखवेल. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांचे पत्रे खाऊन टाकतं. त्याच्याबरोबरीच्या कितीतरी जणांच्या गाड्या खालून चाळणी होऊन भंगारात गेल्या. ऑर्व्हल थंडी पडायला लागली की गाडी धुऊन, पुसून, चाकं उचलून, जुन्या गोधड्यांखाली झोपवायचा, आणि वसंतात दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन रस्त्यावरचं मीठ धुऊन गेल्याशिवाय तिला बाहेर काढायचा नाही. तरी एकदा मागच्या चाकावरचा पत्रा गंजलाच. तेव्हा त्याने अख्खं एक वर्ष संध्याकाळी वेल्डिंग शिकण्यात घालवलं. पहिला जोड इतका ओबडधोबड झाला की नडीन म्हणाली, "माझी आजी याहून बरं रफू करायची." त्याने तो कापून पुन्हा केला.

कार्ब्युरेटर जुळवून घ्यायची त्याची रीत मात्र बघण्यासारखी. इतर लोक कान देतात, हा स्क्रूड्रायव्हरची मूठ हनुवटीला लावून टोक इंजिनवर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. एखादा सिलिंडर चुकत असला तर हनुवटीतच ठेच लागल्यासारखं वाटतं, असं तो म्हणे. कधीकधी त्याचंही चुकायचं. एकदा तीन आठवडे त्याने कार्ब्युरेटरशी झटापट केली आणि शेवटी निघाली ती ठिणगीची एक सैल तार. पण असल्या हरण्याचंही त्याला काही वाटायचं नाही. बॉनेट उघडं टाकून, काळ्या हातांनी पेपरोनीचा रोल, म्हणजे मसालेदार मांस भरलेला पाव, खात उभा राहिलेला ऑर्व्हल म्हणजे जगातला सुखी माणूस.

त्यांना एकच मुलगी, ट्वायला. तिला ऐकू येतं. ती बोलायला शिकायच्या आधी हातांनी बोलायला शिकली, आणि शाळेत जाण्याआधीच आईबापांची दुभाषी झाली. बँकेत, दवाखान्यात, दारावर आलेल्या माणसाशी, सगळीकडे ट्वायला. पुढे ती लग्न होऊन पलीकडच्या बार्बर्टनला गेली, पण दर बुधवारी जेवायला येतच राहिली.

आता गेल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. ऑर्व्हल सत्तरीला आला होता. कारखाना कधीच बंद पडला होता, पेन्शन येत होती, गाडी होती. पण त्याने गाडीत काही विचित्र बदल करायला सुरुवात केली. आधी पायाखालचा गालिचा काढून टाकला. मग त्याखालचं जाड अस्तरही काढलं. नुसता पत्रा ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात तो गाडी चालवताना बूट काढून ठेवायला लागला आणि मोज्यांवर चालवायला लागला. नडीनला हसू आवरेना. "देवळात चालला आहेस का गाडी चालवायला?" ती म्हणाली. त्याचे हात मोकळे नव्हते, त्यामुळे उत्तर आलं नाही. आणि मग त्याने मागचे सायलेन्सर काढून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले दोन उघडी नळकांडी बसवली. आता गाडी सुरू झाली की घरातल्या कपाटातल्या बशा थरथरायच्या. नडीनच्या हाताला ते जाणवायचं. ऑर्व्हल खूष होता. रस्त्यातून जाताना दोन्ही बाजूंचे लोक हात हलवायचे, आणि तोही हात हलवून हसायचा.

त्या हिवाळ्यात शेजारच्या रिकाम्या घरात लव्हॉन पेटिफर्ड राहायला आली. पन्नाशीची, एकटी, मोठ्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स. रात्रभर रुग्णांच्या उशाशी उभं राहायचं, सकाळी घरी येऊन पडदे ओढायचे आणि झोपायचं, असा तिचा दिवस. हिवाळाभर तिला घर फार आवडलं. शांत गल्ली, म्हातारे शेजारी. मग वसंत आला, पाऊस होऊन गेला, आणि ती नुकती झोपी गेलेली असताना तिच्या उशाच्या भिंतीपलीकडे काहीतरी फुटलं.

रोज सकाळी तेच. ऑर्व्हल गाडी गरम करायला सुरू करून ठेवायचा आणि शेजारी उभा राहून कॉफी प्यायचा.

महिनाभर तिने सहन केलं. मग एका बुधवारी अंगावर झोपेचा गाऊन आणि त्यावर कोट चढवून ती तरातरा त्याच्या अंगणात आली. ऑर्व्हल बॉनेटमध्ये वाकलेला, पाठ तिच्याकडे.

"अहो मिस्टर! ऐकलंत का?"

तो हलला नाही.

"मी तुमच्याशी बोलतेय! हे काय चाललंय रोज सकाळी? माणसं राहतात इथे!"

तो खाली वाकून पाना फिरवत राहिला. शांतपणे, जसं काही कुणी आलंच नाही. लव्हॉनच्या डोक्यात तिडीक गेली. तिने मूठ वळली आणि गाडीच्या पत्र्यावर दणकन आपटली.

इंजिनवर टेकलेल्या ऑर्व्हलच्या हाताला तो धक्का लागला. तो वळला, तिला बघितलं आणि तोंडभर हसला. नवी शेजारीण! त्याने कपड्याला हात पुसून पुढे केला.

लव्हॉनने तो हात घेतला नाही. ती बोलतच सुटली. ऑर्व्हलचं हसू हळूहळू विरलं. त्याने कानाला हात लावून मान हलवली आणि घराकडे बघून जमिनीवर दोनदा जोरात पाय आपटला. त्या दिवशी सकाळीच आलेली ट्वायला स्वयंपाकघरात आईबरोबर बसली होती, तिने खिडकीतून बघितलं आणि ती धावत बाहेर आली.

"माफ करा, माझे वडील बहिरे आहेत," ट्वायला म्हणाली. "मी सांगते त्यांना. काय झालं?"

लव्हॉनला लाज वाटली, पण झोप त्याहून जास्त आली होती. "बाई, मी रात्रभर माणसं मरताना बघून येते. सकाळी दोन घटका डोळा लागावा एवढंच मागणं आहे. आणि हे माझ्या डोक्याशी बॉम्ब फोडतात. रोज! हसत हसत! सगळी गल्ली यांना शिव्या घालते, माहीत आहे का तुम्हाला?"

ट्वायला वडिलांकडे वळली आणि तिचे हात सावकाश हलले. "ती म्हणते, गाडी सुंदर आहे. फक्त सकाळी जरा उशिरा सुरू केलीस तर तिला बरं पडेल."

ऑर्व्हलने लव्हॉनकडे बघितलं. लाल डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, अजून वळलेली मूठ. मग त्याने मुलीकडे बघितलं.

"एवढं सांगायला ती गाडीवर बुक्का मारते?"

"डॅडी..."

"माणसांची तोंडं वाचूनच सत्तर वर्षं काढली मी. हे गाडी सुंदर म्हणणारं तोंड नाही. ती काय म्हणाली ते सांग. जसंच्या तसं."

ट्वायलाने सांगितलं. बॉम्बही सांगितला, शिव्याही सांगितल्या. ऑर्व्हलने गाडीत हात घालून किल्ली बंद केली, लव्हॉनसमोर मान खाली घातली, छातीवर मूठ गोल फिरवली आणि आत निघून गेला.

"काय म्हणाले?" लव्हॉनने विचारलं.

"चुकलं म्हणाले," ट्वायला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत टेबलाशी मात्र बराच वेळ हात चालले होते.

"समोरचा म्हातारा कोवाच," ऑर्व्हलने विचारलं. "तो रोज पेपर हलवतो माझ्याकडे बघून."

"तो शिव्या देतो, डॅडी."

"आणि कोपऱ्यावरच्या त्या दोघी बहिणी?"

ट्वायलाने 'त्याही' अशी मान हलवली.

"मी त्यांना रोज हात करतो," ऑर्व्हल म्हणाला. "कधीपासून चाललंय हे?"

"आधी एवढं नव्हतं. पूर्वी आवाज होता, पण लोकांना चालायचा. गेल्या वर्षी ती नळकांडी लावलीस तेव्हापासून." ट्वायलाने खुर्ची जवळ ओढली. "पण लहानपणीही कुणी काही बोललं तर मी तुला नाही सांगायचे. आठ वर्षांची होते तेव्हा एक बाई तक्रार घेऊन आली होती. मी तुला सांगितलं, ती आईची चौकशी करतेय."

"का?"

"बँकेत, दुकानात लोक तुझ्याशी कसं बोलायचे ते मला ऐकू यायचं. तुला नाही. गाडीत बसलास की तू राजा असायचास. तेवढं तरी तुझ्याकडे राहू दे, असं वाटायचं मला."

ऑर्व्हलने तिच्या हातावर हात ठेवला. मग उचलून म्हणाला, "मला ऐकू येत नाही, ट्वायला. सांगितलेलं कळतं. सांगत जा."

दुसऱ्या दिवशी त्याने गाडीवर गोधड्या घातल्या. भर मे महिन्यात! नडीनने दोन दिवस वाट बघितली, मग गोधड्या ओढून काढल्या आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड पाडून बसायचं असेल तर बाहेर बस. घरात मला ते बघवत नाही. आवाज जास्त आहे ना? मग कमी कर. तुझ्याकडे पाने आहेत, हात आहेत."

ऑर्व्हलने मूळच्या बनावटीचे सायलेन्सर मागवले. ते येईपर्यंत नडीनने पेपरोनीचे रोल भाजले आणि टोपली घेऊन दोघं लव्हॉनच्या दारात गेले. संध्याकाळ होती, ती कामावर निघायच्या तयारीत होती. तिने दार उघडलं, टोपली बघितली, दोघांचे चेहरे बघितले आणि फोन काढून त्यावर लिहून दाखवलं. 'मी त्या दिवशी फार बोलले. मला माहीत नव्हतं.' ऑर्व्हलने तिच्या हातून फोन घेऊन लिहिलं, 'मलाही माहीत नव्हतं.' लव्हॉन एवढी हसली की तिला दाराच्या चौकटीला धरावं लागलं. मग त्याने पुढे लिहिलं, 'शनिवारी सुट्टी आहे? मला कान हवेत.'

शनिवारी लव्हॉन आपल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत बसली, कॉफी आणि उरलेला रोल घेऊन. ऑर्व्हलने आधी नळकांड्यांसह गाडी सुरू केली. लव्हॉनने दोन्ही कान झाकून डोळे फिरवले. मग तो गाडीखाली शिरला. जुन्या नळीचे पट्टे गंजून बसले होते, ते करवतीने कापावे लागले. नवे सायलेन्सर बसवले, गाडीत जाऊन बसला, सुरू केली, खिडकीकडे बघितलं. लव्हॉन निवांत कॉफी पीत होती. त्याने हात उंचावून विचारलं, कसं काय? तिने किल्ली फिरवल्याची खूण केली. करा ना सुरू, वाट बघतेय!

ऑर्व्हलने बॉनेटकडे बोट दाखवलं. चालू आहे.

लव्हॉनने डोळे विस्फारले, खिडकी वर केली, कान बाहेर काढला आणि दोन्ही अंगठे उंच केले. ती नाचतच जिना उतरायला लागली.

पण गाडीत बसलेला ऑर्व्हल हसत नव्हता. त्याने मोज्यातले पाय पत्र्यावर दाबून धरले होते. इंजिन चालू होतं, काटे हलत होते, आणि त्याच्या पायांना काहीही कळत नव्हतं. तो जणू एखाद्या बंद गाडीत बसला होता. तो उतरला, मागे गेला, नळीला हात लावून आला, पुन्हा बसला. पुन्हा उतरला.

लव्हॉन अंगणात आली ती हात पसरूनच. आणि एकदम थबकली. पांढऱ्या काँक्रीटवर गाडीच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत लाल ठसे उमटले होते. एका पायाचे. ती त्या ठशांवरून ऑर्व्हलच्या पायापर्यंत पोचली. मोजा भिजला होता, आणि कापलेल्या पट्ट्याचा तुकडा अजून तळव्यात रुतलेला होता.

"अहो, बसा! बसा आधी!" ती ओरडली, मग आठवण होऊन तिने त्याचे खांदे धरून त्याला खाली बसवलं. ऑर्व्हल गोंधळून तिच्याकडे बघत होता. तिने पाय उचलून दाखवला तेव्हा कुठे त्याने खाली बघितलं.

नडीन टॉवेल घेऊन धावत आली. लव्हॉनने तुकडा काढला, जखम धुतली, बांधली. मग तिने खिशातलं पेन काढलं आणि फोनवर लिहिलं. 'डोळे मिटा. पायाला काही लागलं की हात वर करा.' ऑर्व्हलने डोळे मिटले. तिने पेनचं टोक अंगठ्याला टेकवलं. मग चवड्याला. मग दुसऱ्या पायाच्या बोटांना. नडीन समोर उभी राहून बघत होती. पेन टेकत होतं, नवऱ्याचा हात वर येत नव्हता. घोट्याच्या वर पेन आलं तेव्हा पहिल्यांदा हात उठला.

ऑर्व्हलने डोळे उघडले आणि आधी नडीनचा चेहरा दिसला. त्याला सगळं कळलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"आधी बोटं. मग हळूहळू पुढे." त्याचे हात जड झाले होते. "गालिचा काढला तेव्हा वाटलं, जमेल. मग बूट काढले. मग मोठ्या आवाजाचे नळ लावले, म्हणजे जास्त हादरेल. वय झालं, दुसरं काय, असं वाटलं. गाडी पायांना कळेनाशी झाली म्हणून ओरडायला लावलं तिला."

"मोजे," नडीन म्हणाली. "आणि मी हसत होते."

"मी कुठे सांगितलं तुला?"

"गाडीत बोलता येत नाही, मान्य. घरात तुझे हात काय बांधले होते?"

लव्हॉनला त्यांची भाषा येत नव्हती. पण तिने दोघांच्या मधे फोन धरला. 'सोमवारी दवाखाना. मी ओळखीच्या डॉक्टरांना सांगते. मला वाटतं साखर आहे.'

साखरच होती, आणि बरीच वर्षं असावी. दवाखान्यात ट्वायला दुभाषी म्हणून आली होती, पण ऑर्व्हलने तिला खुर्चीत बसवलं आणि दवाखान्याचा स्वतःचा दुभाषी मागितला. "आज तू मुलगी म्हणून बस," तो म्हणाला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पायांतली गेलेली जाणीव सगळी परत येईल असं नाही. पण साखर ताब्यात ठेवली तर आहे ती राहील, आणि थोडीफार सुधारेलही. मोज्यांवर चालणं बंद. पाय रोज रात्री बघायचे, बायकोनेही बघायचे.

ऑर्व्हलने एकच प्रश्न विचारला. दोन्ही हात वर धरून.

डॉक्टरांना आधी कळलं नाही. दुभाष्यानेच समजावलं, हे त्यांचे हात आहेत, हीच त्यांची वाचा आहे. मग डॉक्टरांनी एकेक बोट, एकेक पेर, बारीक तार टेकवून तपासलं. दर वेळी ऑर्व्हलने खूण केली. शेवटचं करंगळीचं पेर झालं आणि डॉक्टर म्हणाले, "हात ठणठणीत आहेत." नडीन हातरुमालात तोंड घालून रडली. ट्वायलाही.

गाडी चालवायची परवानगी मिळाली, दर काही महिन्यांनी तपासणी करून घ्यायच्या अटीवर. बूट मात्र पातळ चामड्याच्या तळाचे घ्यायचे होते. ते त्यानं घेतले. गोड चहा सुटला, रोल महिन्यातून एकदा आले. पण घरासमोर उभी असलेली गाडी ऑर्व्हलच्या लेखी अजून मुकीच होती. चालवायचा तर डोळे वेगाच्या काट्यावर लावून चालवायचा, आणि तसं चालवणं त्याला जेवणाच्या ताटाकडे नुसतं बघण्यासारखं वाटायचं.

एका सकाळी, लव्हॉन कामावरून येऊन झोपली होती तरी आता गाडी बिनधास्त सुरू करता येत होती, तेव्हा तो एक हात इंजिनवर आणि दुसरा चाकावरच्या पत्र्यावर ठेवून उभा राहिला. इंजिनवरचा हात जिवंत. पत्र्यावरचा जवळजवळ मेलेला. मधे काय होतं? मधे रबर होतं. इंजिन ज्या दोन ठोकळ्यांवर बसतं ते रबराचे असतात, हादरा माणसापर्यंत पोचू नये म्हणून. शर्यतीवाले ते काढून सबंध लोखंडाचे घालतात. त्याने नडीनला बाहेर बोलावलं आणि सांगितलं.

"जन्मभर रबरावर पोट भरलंस," नडीन म्हणाली, "आणि आता रबरालाच घराबाहेर काढतोस?"

पण जॅक तिनेच दाबला. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन ते जरासं उचललं, जुने ठोकळे निघाले, नवे लोखंडी बसले. एक बोल्ट काही केल्या भोकात जाईना. नडीनने इंजिनला खांदा लावला, ऑर्व्हल खालून पहारीने रेटत होता, आणि शेवटी तो गेला. दोघंही नखशिखान्त काळी झाली होती. त्याने चाक धरलं, किल्ली फिरवली.

स्टिअरिंग त्याच्या मुठीत जिवंत झालं. पाठीतून, मांड्यांतून, दाराला टेकलेल्या कोपरातून ती जुनी जाडीभरडी थरथर वर आली. पाय गप्पच होते, पण बाकीचं सगळं अंग ऐकत होतं. त्याने वेग वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. बाजूच्या आरशात मागचं झाड दोन-दोन दिसायला लागलं. नडीन शेजारी येऊन बसली आणि तिने डोळे मोठे केले. "माझे दात!" ती म्हणाली. "माझे नवे दात!" ऑर्व्हलने दोन्ही हात वर केले आणि तो हसला, मोठ्याने.

लव्हॉनची खिडकी बंद होती. पडदा हललाही नाही.

उन्हाळा सरता सरता त्यांनी लव्हॉनला फिरायला नेलं. नडीन कौतुकाने मागे बसली आणि पाहुणीला पुढे बसवलं. कायाहोगा नदीच्या खोऱ्यातून जाणारा तो वळणावळणांचा रस्ता, दोन्ही बाजूंना नुकती रंग बदलायला लागलेली झाडं. लव्हॉनने आधी इंजिनाच्या आवाजाबद्दल काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं. थोड्या वेळाने तिने तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवला. चढ लागला तशी थरथर घट्ट झाली, ऑर्व्हलने गिअर टाकला, ती सैल झाली. पुढच्या चढाला गिअर कधी पडणार हे तिने बोट उचलून आधीच दाखवलं. ऑर्व्हलने कौतुकाने भुवया उंचावल्या. परतताना तिघांनी गाडीतच बसून आंबवलेल्या कोबीचे तळलेले गोळे खाल्ले. ऑर्व्हलने दोनच खाल्ले, कारण दोघी मोजत होत्या.

कोवाच म्हाताऱ्याकडे ऑर्व्हल स्वतः गेला, ट्वायलाला बरोबर घेऊन. "जे म्हणेल ते सांगायचं," त्याने बजावलं. कोवाच म्हणाला, "अजून वर्षभर आधी अक्कल आली असती तर बरं झालं असतं." ट्वायलाने शब्दन् शब्द सांगितला. ऑर्व्हल म्हणाला, "सांग त्याला, वर्षभर आधी तो मला सांगायला आला असता तर बरं झालं असतं." कोवाचने बियर काढली. आता तो खरोखरचा हात हलवतो. कोपऱ्यावरच्या बहिणी अजून हलवत नाहीत.

आणि ऑर्व्हलने आणखी एक गोष्ट केली. पाय आज आहेत तसे नेहमी राहतील याची खात्री त्याला नव्हती, म्हणून त्याने ट्वायलाला क्लचची गाडी शिकवायला घेतली. बुधवारचं जेवण झालं की दोघं निघतात. पहिल्याच आठवड्यात केनमोर बुलेव्हार्डच्या चढावर, सिग्नलला, तिने क्लच फार लवकर सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. सिग्नल हिरव्याचा लाल झाला. मागे सात-आठ गाड्यांची रांग, आणि सगळ्यांनी मिळून हॉर्नचा असा काही गजर सुरू केला की ट्वायलाच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला.

"डॅडी, लोक ओरडताहेत! काय करू?"

ऑर्व्हल शेजारी आरामात टेकून बसला होता. त्याने खिडकीची काच खाली केली, मागे वळून रांगेकडे नीट बघितलं, आणि मग मुलीकडे.

"किती जोरात?" त्याने विचारलं.

"खूप जोरात!"

"बरं," तो म्हणाला. "आता त्यांचं सोड. हाताला काय लागतंय ते बघ. क्लच सावकाश. थरथर जाड झाली की मग पाय उचल."

सिग्नल पुन्हा हिरवा झाला. तिने हात स्टिअरिंगवर घट्ट धरले, डोळे अर्धवट मिटले. थरथर आली, जाड झाली. तिने पाय उचलला, आणि हिरवी गाडी चढ चढायला लागली.